समोरच्या कोपऱ्यातला माणूस

टोकियोत २४ मार्च १९७० रोजी एक शोकसभा भरली होती. कोदान्शा या नामांकित प्रकाशनसंस्थेच्या इमारतीत सुमारे ७०० माणसं जमली. सभागृहात बॉक्सिंगची रिंग उभारलेली होती. दिवंगत बॉक्सरला मानवंदना म्हणून घंटेचे दहा ठोके देण्याची रीत आहे, तसे ठोके दिले गेले. सभेचा पुढाकार शूजी तेरायामा या प्रसिद्ध कवी-नाटककाराचा होता. सगळं कसं रीतसर. फक्त ज्याच्यासाठी ही सभा होती तो माणूस कधी जन्मालाच आला नव्हता! तोरू रिकिइशी हे एका साप्ताहिकात चालू असलेल्या चित्रकथेतलं पात्र. त्यातही तो कथेचा नायक नव्हे, नायकाचा प्रतिस्पर्धी.

नायकाला हरवायला निघालेल्या माणसासाठी वाचकांचे डोळे का पाणावले असतील? खेळांवरच्या जपानी ॲनिमेशन मालिकांचं, म्हणजे 'ॲनिमे'चं, सगळं मर्म मला या एका प्रश्नात दिसतं. आज आपल्याकडची कॉलेजातली मुलं या मालिका मोबाइलवर तासन्‌तास पाहतात. घरातल्या मोठ्यांना ती नुसती 'कार्टून' वाटतात. म्हणून हा प्रश्न जरा उलगडून सांगतो.

कथेचं नाव 'अशिता नो जो', म्हणजे 'उद्याचा जो'. ती १९६८ ते १९७३ अशी साडेपाच वर्षांच्या आसपास चालली. लेखक इक्की काजिवारा (या कथेसाठी त्यांनी दुसरं टोपणनाव घेतलं होतं) आणि चित्रकार तेत्सुया चिबा. शोकसभेनंतर आठच दिवसांनी, १ एप्रिल १९७० पासून, ओसामू देझाकी यांनी दिग्दर्शित केलेली तिची दूरचित्रवाणी मालिका सुरू झाली. नायक जो याबुकी हा अनाथ, भटका, तोंडाळ पोरगा. टोकियोतल्या रोजंदारी मजुरांच्या वस्तीत तो येऊन पडतो आणि भानगडी करत बालसुधारगृहात पोचतो. तिथे त्याला भेटतो रिकिइशी. हा आधीचा व्यावसायिक बॉक्सर. याबुकी पळून जायला निघतो, तेव्हा त्याला अडवून धूळ चारतो तो हाच. आयुष्यात प्रथमच याबुकीला आपल्याहून सरस माणूस भेटलेला असतो.

आता एक गमतीची गोष्ट. सुरुवातीला हे पात्र रंगवताना चिबांनी रिकिइशीला याबुकीपेक्षा चांगला उंच, धिप्पाड काढला. पुढे हाच मुख्य प्रतिस्पर्धी होणार, याची त्यांना तेव्हा कल्पना नव्हती. पण बॉक्सिंगमध्ये वजनगट असतात. याबुकी बँटमवेट, म्हणजे साडेत्रेपन्न किलोंच्या आतला. मग या दोघांची लढत लावायची कशी? चित्र तर छापून गेलेलं. तेव्हा लेखक-चित्रकारांनी तोडगा काढला, की रिकिइशीनं वजन उतरवायचं. चित्रातल्या या अडचणीतूनच कथेचा सर्वांत मोलाचा भाग जन्माला आला.

कारण रिकिइशीला खाली उतरण्याची काहीच गरज नव्हती. त्याच्यामागे श्रीमंत शिराकी घराण्याची व्यायामशाळा होती. स्वतःच्या वजनगटात त्याला चांगलं भवितव्य होतं. तरीही एका वस्तीतल्या पोराशी राहिलेला हिशेब पुरा करायचा, म्हणून तो अन्न तोडतो, पाणी तोडतो. तहानेनं वेडापिसा होऊन नळाकडे धावतो, तर नळ तारेनं आवळून बंद केलेले! हे सारं पाहणं असह्य होऊन योको शिराकी त्याच्यासाठी पेलाभर गरम पाणी आणते. तो तिचे मनापासून आभार मानतो आणि ते पाणी जमिनीवर ओतून टाकतो.

मला विचाराल तर रिकिइशी आपलासा होतो तो याच क्षणी. 'खलनायक' आणि 'प्रतिस्पर्धी' यांतला फरक इथे स्पष्ट होतो. खलनायकाला नायकाचा नाश हवा असतो. प्रतिस्पर्ध्याला नायकाची पूर्ण ताकद समोर हवी असते, आणि त्यासाठी तो स्वतः किंमत मोजतो. साऱ्या जगानं ओवाळून टाकलेल्या याबुकीला खऱ्या अर्थानं मान देणारा पहिला माणूस कोण? तर त्याला ठोसे मारणारा रिकिइशी.

लढतीत रिकिइशी आठव्या फेरीत जिंकतो. दोघं हस्तांदोलनासाठी समोरासमोर येतात आणि हातात हात पडण्याआधीच रिकिइशी कोसळतो. उपासानं पोखरलेल्या शरीराला डोक्यावरचा मार सोसत नाही. जिंकलेला मरतो आणि हरलेला उरतो. त्यानंतर कितीतरी काळ याबुकीचा हात समोरच्याच्या चेहऱ्यावर ठोसा मारायला उठत नाही. प्रतिस्पर्धी गेला, त्याबरोबर नायकाचा अर्धा जीवही गेला.

आपल्याला हे अगदीच परकं वाटू नये. शिवाजी सावंतांची 'मृत्युंजय' १९६७ साली आली, म्हणजे याबुकीच्या कथेच्या जेमतेम वर्षभर आधी. कर्ण हरणार हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं, तरी मराठी वाचक अर्जुनाला सोडून त्याच्या मागे गेला. समोरच्या बाजूलाही मन असतं, कारणं असतात, हे एकदा कळलं की जिंकण्या-हरण्याचा हिशेब सोपा राहत नाही.

ॲनिमेला हे मन दाखवणं सोपं जातं, त्याचं कारण त्याच्या घडणीत आहे. खऱ्या सामन्यात ठोसा क्षणात बसतो. ॲनिमेत तो क्षण थांबवता येतो. देझाकींनी तर ऐन मोक्याला चित्र गोठवून त्याला हातानं रंगवलेल्या तसबिरीचं रूप देण्याची शैलीच रूढ केली. त्या थांबलेल्या क्षणात आपण दोघांच्याही डोक्यात शिरतो: नायकाच्या आणि समोरच्याच्याही. शिवाय मूळ कथा साप्ताहिकातून वर्षानुवर्षं चालते. इतका काळ सोबत राहिलेला माणूस केवळ अडथळा म्हणून कसा उरेल?

पुढच्या पिढ्यांनी हाच धागा वेगळ्या तऱ्हेनं विणला. २०१४ साली सुरू झालेल्या 'हायक्यू' या व्हॉलीबॉलवरच्या मालिकेतला कागेयामा पाहा. चेंडू उचलून देण्यात हा मुलगा असामान्य. त्याला 'कोर्टवरचा राजा' म्हणतात. पण ते कौतुक नव्हे, टोमणा आहे. त्याच्या हुकूमशाहीला कंटाळून एकदा त्याचे सहकारी त्यानं उचललेला चेंडू मारायला जातच नाहीत. चेंडू रिकाम्या जागेत पडतो. पुढे ज्याला हरवलं त्याच हिनाताच्या संघात तो येतो, आणि मग आपल्याला कळतं, की त्याच्या उर्मटपणाच्या तळाशी त्या रिकाम्या जागेची भीती आहे.

काजिवारांचा आणि आपलाही एक संबंध आहे. त्यांची बेसबॉलवरची 'क्योजिन नो होशी' ही गाजलेली कथा २०१२ साली 'सूरज : द रायझिंग स्टार' या नावानं भारतीय दूरचित्रवाणीवर आली. बेसबॉलच्या जागी क्रिकेट, टोकियोच्या जागी मुंबई. खेळ बदलला, शहर बदललं. पण गरीब घरातल्या नायकासमोर श्रीमंत घरातला प्रतिस्पर्धी उभा करायला मालिकाकर्ते विसरले नाहीत. तो काढला तर कथाच उरत नाही.

मात्र या आकर्षणात एक धोकाही आहे, आणि तो सांगितल्याशिवाय मला थांबता येणार नाही. पॅरिस ऑलिंपिकमध्ये ७ ऑगस्ट २०२४ रोजी विनेश फोगाट ५० किलो गटाच्या अंतिम लढतीआधी १०० ग्रॅम वजनानं अपात्र ठरली. रात्रभर तिनं वजन उतरवण्यासाठी केलेली धडपड आपण वाचली आहे. आपल्या तालमींतल्या पोरांनाही वजन तोडणं म्हणजे काय ते ठाऊक असतं. खऱ्या शरीराला हा खेळ परवडत नाही. रिकिइशीचा उपास पडद्यावर भव्य दिसतो. पण त्याच कथेनं त्याचा शेवटही लपवलेला नाही. तो पाण्याचा पेला ओतणारा हात आणि हस्तांदोलनापर्यंत न पोचलेला हात एकाच माणसाचा आहे. कथेनं दोन्ही दाखवले, म्हणून ती प्रामाणिक.

तेव्हा घरातलं पोर असली मालिका बघत बसलं असेल, तर एकदा शेजारी बसून पाहा आणि विचारा, 'यातला तुझा आवडता कोण?' पुष्कळदा नाव नायकाचं नसेल. मग 'का?' हेही विचारा, आणि उत्तर नीट ऐका.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)