थायरॉईडचे उपचार आणि डोळ्यांची काळजी

रुग्णालयाच्या दप्तरी थायरॉईडचा रुग्ण मेडिसिन विभागाच्या खात्यावर नोंदला जातो आणि डोळ्यांचा रुग्ण नेत्रविभागाच्या. रुग्णाच्या शरीरात मात्र अशी स्वतंत्र खाती नसतात. ही बाब देणगीदार, विश्वस्त आणि रुग्णांचे कुटुंबीय यांच्यासमोर मांडावी, या हेतूने हे टिपण अहवालात समाविष्ट करीत आहोत.

थायरॉईड ग्रंथी अतिक्रियाशील होण्याचे एक प्रमुख कारण म्हणजे ग्रेव्हज रोग. डब्लिन येथील डॉ. रॉबर्ट ग्रेव्हज यांनी १८३५ साली आणि जर्मनीतील डॉ. कार्ल फॉन बासेडो यांनी १८४० साली त्याचे वर्णन केले. पुढे आलेल्या डोळ्यांची नोंद तेव्हापासूनची आहे. या रोगात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच ग्रंथीविरुद्ध कार्य करू लागते. तीच प्रक्रिया डोळ्यांमागील स्नायू व चरबीतही सूज निर्माण करते. खोबणीत जागा मर्यादित असल्याने डोळे पुढे येतात, पापण्या पूर्ण मिटत नाहीत आणि कधी एकाच्या दोन वस्तू दिसतात. म्हणूनच रक्ततपासणीचे आकडे सुधारले म्हणजे डोळेही सुरक्षित झाले, असे समजणे योग्य नव्हे.

गोळ्या, शस्त्रक्रिया आणि किरणोत्सारी आयोडीन हे उपचाराचे तीन मार्ग होत. यांपैकी किरणोत्सारी आयोडीन घेणाऱ्यांच्या डोळ्यांकडे विशेष लक्ष पुरवावे लागते. इटलीतील डॉक्टरांनी १९९८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, केवळ हा उपचार घेतलेल्या १५० रुग्णांपैकी २३ जणांच्या डोळ्यांचा विकार नव्याने उद्भवला अथवा वाढला. सोबत स्टेरॉईडच्या गोळ्या दिलेल्या रुग्णांत तो कोणाचाही वाढला नाही. याचा अर्थ हा उपचार टाळावा असा नसून, त्यापूर्वी डोळे तपासून घ्यावेत असा आहे. उपचारानंतर थायरॉईडचे प्रमाण फार कमी होऊ देणेही डोळ्यांस घातक ठरते. म्हणून ठरलेल्या तारखेची रक्ततपासणी चुकवू नये, तसेच गोळ्यांची मात्रा आपल्या मनाने बदलू नये.

कुटुंबीयांच्या हाती असलेली सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे विडी-सिगारेट बंद करविणे. धूम्रपान करणाऱ्यांत हा विकार अधिक वेळा होतो, अधिक तीव्र असतो आणि उपचारांना कमी दाद देतो. घरात इतर कोणी ओढत असेल, तर त्यानेही ते थांबवावे.

डॉक्टरांनी दिलेले कृत्रिम अश्रूंचे थेंब दिवसा आणि मलम रात्री नियमितपणे वापरावे. उशी उंच घ्यावी. उन्हात व वाऱ्यात गॉगल लावावा. मध, एरंडेल यांसारखे घरगुती उपाय डोळ्यांत घालू नयेत. रंग फिके दिसणे, नजर मंदावणे, डोळा तीव्र दुखणे किंवा पापणी मिटत नसताना बुबुळावर पांढरा डाग दिसणे, यांपैकी काहीही आढळल्यास पुढील तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालयात यावे. डोळ्यांमागील सुजेने दृष्टीची नस दाबली गेल्यास वेळेवर केलेले उपचारच दृष्टी वाचवू शकतात.

सर्वच रुग्णांस मोठ्या उपचारांची गरज नसते. सौम्य विकार बहुधा काळजी आणि देखरेखीने आटोक्यात राहतो. तीव्र विकारात शिरेतून स्टेरॉईड देताना रक्तातील साखर, रक्तदाब व यकृत यांवर लक्ष ठेवावे लागते. डोळ्यांची ठेवण सुधारणाऱ्या शस्त्रक्रिया सामान्यतः विकार शांत होऊन काही महिने स्थिर राहिल्यावरच केल्या जातात. तोपर्यंतचा काळ रुग्णांस, विशेषतः स्त्रियांस, मानसिकदृष्ट्या कठीण जातो. अशा वेळी त्यांच्या चेहऱ्याबद्दल चर्चा न करणे, हीदेखील शुश्रूषाच होय.

या कामी दानाचा विनियोग कोठे होतो, असे विचारले जाते. वारंवारच्या तपासण्या, थेंब आणि रक्तचाचण्या यांचा खर्च प्रत्येक वेळी लहान दिसतो. परंतु तो दोन-तीन वर्षे चालतो आणि बहुधा पैशांअभावी येथेच उपचार खंडित होतात. मोठ्या यंत्राप्रमाणे त्यावर देणगीदाराच्या नावाची पाटी लावता येत नाही. तथापि गेलेली दृष्टी कोणत्याही रकमेने परत आणता येईलच असे नाही. म्हणून या लहान खर्चाकडेही आपण तितक्याच आस्थेने पाहावे, ही नम्र विनंती.