विद्यापीठातला पाचोळा आणि पावशा

मार्च संपता संपता राखी धनेशाची मादी एखाद्या जुन्या झाडाच्या ढोलीत शिरते आणि आतून दार लिंपायला घेते. लिंपण असतं तिच्याच विष्ठेचं आणि नराने आणून दिलेल्या मातीचं. शेवटी उरते ती एक उभी फट, चोचीचं टोक बाहेर येईल एवढीच. आत बसून ती अंडी घालते आणि उडायची पिसंही गाळून टाकते. त्या दिवसांत तिला बाहेर पडून उडता येणार नाही. नर उंबराची, वडाची, पिंपळाची फळं घशात भरून आणतो, फटीपाशी बसतो आणि एकेक फळ वर काढून तिला भरवतो. घरातल्या सगळ्यांचं पोट त्या एका पक्ष्यावर चालतं. हे पाहायला कोयनेच्या जंगलातच जायला हवं असं नाही. पुण्यात, सावित्रीबाई फुले विद्यापीठासारख्या जुनी झाडं टिकून राहिलेल्या आवारांत धनेश आजही आहेत.

धनेशाची चोच भली मोठी दिसते, पण तिने लाकूड कोरता येत नाही. त्याला ढोली आयतीच लागते. फांदी मोडते, जखमेतून बुरशी शिरते, खोडाचा गाभा कुजत जातो आणि कित्येक वर्षांनी आत पोकळी तयार होते. पोकळी धरण्याइतकं जाड खोड व्हायलाच झाडाला दोन पिढ्या लागतात. म्हणून धनेश दिसला की त्या जागेचा इतिहास विचारावा.

विद्यापीठाच्या गणेशखिंडीतल्या जागेचा इतिहास ठाऊक आहे. मुंबईचा गव्हर्नर बार्टल फ्रिअर याने इथे निवासस्थान बांधायला घेतलं, काम १८६४ मध्ये सुरू झालं आणि १८७१ मध्ये पुरं झालं. १८९७ च्या जून महिन्यात चापेकर बंधूंनी पुण्याचा प्लेग कमिशनर रँड याच्यावर गोळी झाडली, ती याच बंगल्यातल्या समारंभाहून तो परतत असताना. १९४९ मध्ये इथे विद्यापीठ आलं. म्हणजे आधी सरकारचा आणि मग शिक्षणाचा पहारा बसल्यामुळे भोवतीचं शहर वाढत गेलं तरी सुमारे ४११ एकर जमीन बरीचशी अखंड राहिली. एका अंगाला चतुःशृंगीची टेकडी, दुसऱ्या अंगाला मुळा नदी आणि वाटेत गणेशखिंडचं जुनं वनस्पती उद्यान, ज्याला २०२० मध्ये जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा मिळाला. पक्ष्यांच्या नकाशावर ही सगळी मिळून एकच जागा आहे.

अशा आवारात पक्ष्यांच्या जाती किती, हा सगळ्यांचा पहिला प्रश्न. यादी लांब असली की आपण खूश होतो. पण यादी आणि विविधता या दोन गोष्टी आहेत. समजा, एका मैदानावर शंभर पक्षी मोजले. जाती दहा आणि प्रत्येकीचे दहा-दहा पक्षी. दुसऱ्या मैदानावरही पक्षी शंभर आणि जाती दहाच, पण त्यांत ९१ कबुतरं आणि बाकी नऊ जातींचा एकेक पक्षी. यादी दोन्हीकडे सारखीच लांब. क्लॉड शॅनन या गणितज्ञाने १९४८ मध्ये संदेशवहनासाठी मांडलेलं सूत्र परिसंस्थाशास्त्रज्ञांनी उचललं, ते हाच फरक मोजण्यासाठी. त्या सूत्राने हिशेब केला तर पहिल्या मैदानाची विविधता दहा जातींइतकी भरते. दुसऱ्याची भरते पावणेदोन जातींपेक्षाही कमी. आपल्या शहरांत कबुतरं, कावळे, साळुंक्या वाढतात आणि बाकीचे पक्षी एकेकाने उरतात तेव्हा यादीत काहीच बिघडलेलं दिसत नाही. बिघाड या आकड्यात दिसतो.

मग विविधता ठरते कशावरून? रॉबर्ट आणि जॉन मॅकआर्थर या अमेरिकी भावांनी १९६१ मध्ये याचं एक उत्तर दिलं. त्यांनी वेगवेगळ्या रानांत पानांचा दाटपणा तीन थरांत मोजला: जमिनीपासून दोन फुटांपर्यंत, दोन ते पंचवीस फूट आणि त्यावर. या तीन थरांत पानं जितकी समान विभागलेली, तितकी पक्ष्यांची विविधता जास्त, असं त्यांना आढळलं. थरांचा हिशेब कळल्यावर झाडांच्या जाती किती आहेत हे कळून अंदाजात फारशी भर पडत नव्हती. कारण पक्षी जागा वाटून घेतात ती बरीचशी उंचीप्रमाणे. हळद्या शेंड्यात, तांबट वरच्या वाळक्या फांदीवर, नाचण मधल्या सावलीत, शिंपी आणि वटवट्या झुडपात, सातभाई जमिनीवर. मधला एक थर काढून घेतला की त्या थरावर जगणारे पक्षी वर किंवा खाली सरकत नाहीत, ते जातात.

आपल्याकडे आवार ‘सुंदर’ करायचं ठरलं की पहिला जातो तो नेमका मधला आणि खालचा थर. झुडपं काढून हिरवळ लावतात. करवंद, घाणेरी, निवडुंग यांची जाळी साफ होते, वर मोठी झाडं आणि खाली कातरलेलं गवत एवढंच उरतं. छायाचित्रात ते फार छान दिसतं. मॅकआर्थर बंधूंच्या हिशेबात मात्र तीन थरांतले दोन जवळजवळ रिकामे झालेले असतात. झाडं तोडली तर वर्तमानपत्रात बातमी येते, आणि यायलाच हवी. गणेशखिंड रस्त्याच्या रुंदीकरणात जुनी झाडं गेली तेव्हा लोक न्यायालयापर्यंत गेले. झुडपांसाठी कोणी जात नाही.

नुसते थर असूनही भागत नाही, हे पुण्याच्या टेकड्यांवर कळतं. उजाड टेकड्या लवकर हिरव्या व्हाव्यात म्हणून तिथे गिरिपुष्प, म्हणजे ग्लिरिसिडिया, लावलं गेलं. ते वाढलं, पसरलं आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये गुलाबी फुलांनी बहरतं तेव्हा शिंजीर त्यावर येतात. पण बाहेरून आणलेल्या झाडाची पानं खाणारे आपले किडे फार थोडे, आणि किडे नाहीत तर पिलांना भरवायचं काय? धान्य किंवा फळं खाणारे कितीतरी पक्षीसुद्धा पिलांना किडेच भरवतात. म्हणजे झाडाची जात महत्त्वाची आहेच.

याचा सगळ्यात मोठा पुरावा म्हणजे वड-उंबरांचं कुळ. उंबर फोडलं की आत केंबरं दिसतात आणि आपण नाक मुरडतो. त्या चिमुकल्या गांधिलमाश्यांसारख्या किड्यांवर अख्ख्या आवाराचा फलाहार चालतो. या कुळातल्या झाडांचं परागीकरण खास त्या त्या जातीशी जोडलेले किडे करतात. मादी फळाच्या तोंडाशी असलेल्या बारीक छिद्रातून आत शिरते, तिथल्या फुलांना पराग देते, अंडी घालते आणि तिथेच मरते. तिच्या मुली पराग घेऊन बाहेर पडतात, तेव्हा त्यांच्या हाती दिवस-दोन दिवसांचं आयुष्य असतं. तेवढ्यात त्याच जातीचं, नेमक्या योग्य अवस्थेतली फळं असलेलं दुसरं झाड सापडायला हवं. त्यामुळे ही झाडं सगळी एकाच वेळी फळत नाहीत. आज इथला वड, पुढच्या महिन्यात तिथला, असं वर्षभर चालू राहतं. आंबा-जांभूळ एका मोसमात संपतात, वड-पिंपळाच्या कुळात कुठे ना कुठे पंगत बसलेलीच असते. धनेश, तांबट, कोकीळ, हळद्या, बुलबुल आणि महाराष्ट्राचा राज्यपक्षी हरियाल एकाच फळलेल्या झाडावर दिसतात ते यामुळे. किड्याच्या एका दिवसाच्या आयुष्याने धनेशाच्या मादीच्या कित्येक आठवड्यांच्या कोंडवासाची सोय केलेली असते. मला स्वतःला निसर्गशास्त्रातली याहून सुंदर गोष्ट माहीत नाही.

तांबट धनेशासारखा आयत्या ढोलीवर अवलंबून नसतो. तो घर स्वतः कोरतो, पण मेलेल्या, मऊ पडलेल्या फांदीत, आणि दार बहुधा फांदीच्या खालच्या अंगाला ठेवतो, म्हणजे पाऊस आत येत नाही. आपण अशीच फांदी ‘धोकादायक’ म्हणून उतरवतो. रस्त्यावर, बाकावर, पार्किंगवर आलेली वाळकी फांदी उतरवावीच लागेल. चारशे एकरांत जिथे खाली कोणी बसत नाही, तिथली का उतरवायची? तांबट आणि सुतार सोडून गेलेल्या बिळांत पुढे दयाळ, साळुंकी, पिंगळा यांच्यापैकी कोणाला मावेल ते राहायला येतं. एका वाळक्या फांदीवर असे कितीतरी संसार होऊन जातात.

आता पाचोळ्याकडे येतो, कारण माझ्या मते कोणत्याही आवारातली सगळ्यात दुर्लक्षित संपत्ती हीच आहे. झाडाखाली पडलेल्या पानांत वाळवी, झुरळं, गोम, कोळी, गोगलगायी राहतात. सातभाईंचा थवा दिवसभर ही पानं उलटीपालटी करत फिरतो. सातभाई एकत्र कुटुंबाने राहतात, एका जोडीच्या पिलांना बाकीचेही भरवतात. त्यांच्याच घरट्यात पावशा गुपचूप आपलं अंडं टाकतो. चातकही तेच करतो. मृगाच्या आसपास ‘पेरते व्हा’ म्हणून ज्याची हाक ऐकायची आपल्याला सवय आहे, तो पावशा स्वतः घरटं बांधत नाही, पिलू वाढवत नाही. त्याचं सगळं भवितव्य सातभाईंच्या हाती आणि सातभाईंचं पाचोळ्यात. रोज सकाळी झाडूवाल्यांनी किंवा पानं उडवणाऱ्या यंत्रांनी झाडाखालची जमीन लख्ख केली, पानांचे ढीग पेटवले, तर पावशाची हाक थांबायला त्याला कोणी हात लावायचीही गरज नाही.

नवरंगही पाचोळ्याचाच. हिवाळा दक्षिणेत काढून मे-जूनमध्ये तो उत्तरेकडे निघतो, रात्री उडतो आणि पहाटे जिथे सावली आणि पानांचा थर मिळेल तिथे उतरतो. शहरातून जाताना काचेच्या भिंतीत त्याला झाडांचं प्रतिबिंब दिसतं आणि तो सरळ त्यावर आदळतो. आवारात नव्या इमारती व्हायच्याच. त्यांच्या काचांवर बाहेरून दाट नक्षी काढली, जाळी लावली तर पक्ष्यांना काच दिसते. हे आराखड्यातच करता येतं आणि त्याला फार पैसेही लागत नाहीत.

हिवाळ्यातली पाहुणेमंडळी वेगळीच. सप्टेंबरमध्ये करडा धोबी येतो, मागोमाग पर्णवटवट्या. हिमालय आणि मध्य आशियाकडून आलेला हिरवट पर्णवटवट्या वजनाने दहा ग्रॅमसुद्धा नसतो, पण हिवाळाभर ठरावीक झाडांवर हक्क सांगतो आणि दुसरा आला तर हाकलून लावतो. त्याच्या दृष्टीने ‘पुणे’ म्हणजे ती चार-दोन झाडं.

विद्यापीठांचं आणखी एक बळ म्हणजे तिथे मोजणारे डोळे आहेत, आणि दरवर्षी नवे येतात. १९९८ मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या ‘ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट’मध्ये भारत २०१३ पासून आहे. दर फेब्रुवारीत चार दिवस चालणाऱ्या या गणनेतच ‘कॅम्पस बर्ड काउंट’ होतो. किमान पंधरा मिनिटं एका जागी किंवा एका वाटेवर पक्षी मोजायचे आणि यादी ‘ईबर्ड’ या संकेतस्थळावर चढवायची. अशा याद्यांचं मोल २०२३ च्या ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ अहवालात दिसलं. सुमारे ३० हजार पक्षीनिरीक्षकांच्या तीन कोटींहून अधिक नोंदींवरून त्यात ९४२ जातींचा आढावा घेतला गेला. ज्या ३३८ जातींचा दीर्घकालीन कल सांगता आला, त्यांतल्या ६० टक्के जाती घटल्या होत्या.

फेब्रुवारीच्या गणनेत एक उणीव मात्र राहते. तेव्हा पावशा गप्प असतो. पावसाबरोबर आपल्याकडे येणारे चातक आफ्रिकेत असतात, नवरंग दक्षिणेत. धनेशाची मादी अजून ढोलीत शिरलेली नसते. पाचोळ्यावर, झुडपांवर आणि ढोलींवर ज्यांचा संसार अवलंबून आहे, तेच पक्षी त्या चार दिवसांत निसटतात किंवा त्यांची घरटी तरी दिसत नाहीत. म्हणून प्रत्येक विद्यापीठाने जूनमध्ये दुसरी गणना करावी: तीच वाट, तीच वेळ, तेवढीच मिनिटं. सोबत झाडांच्या गणतीत प्रत्येक ढोलीची आणि वाळक्या फांदीची नोंद व्हावी, आणि तो कागद उद्यान विभागाकडे छाटणीच्या आदेशाआधी पोहोचावा. जूनमध्ये परीक्षा आणि सुट्या असतात, वसतिगृहं अर्धी रिकामी असतात. वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र आणि पर्यावरणशास्त्र या तीन विभागांनी मिळून वीसेक मुलं मागे ठेवली तरी काम होईल.