उसवण्याआधी विचारा

क्रोशाची सुई आणि लोकरीचा गुंडा आपल्या घरांना नवीन नाही. टीव्हीवरचा रुमाल, उशीच्या अभ्र्याची लेस, नव्या बाळाचे टोपडे आणि मोजे हे सारे आपल्या माता-भगिनींच्याच हातचे असते. पण हे काम करणाऱ्या बाईला, "तुला स्वतःला काय विणावेसे वाटते?" असे कोणी कधी विचारले आहे काय? आम्ही विचारले नव्हते. म्हणूनच हा लेख लिहीत आहोत.

आमची थोरली बहीण आक्का हिची शाळा सातवीला सुटली. घरात पाच भावंडे, मिळवते एकटे वडील. कोणाला शिकवायचे असा प्रश्न आला तेव्हा उत्तर ठरलेलेच होते. धुणीभांडी उरकून आक्का दुपारी चाळीच्या गॅलरीत शेजारच्या काकूंकडून क्रोशा शिकली आणि पुढे ऑर्डरी घेऊ लागली. त्या पैशातून आमची कॉलेजची पुस्तके आली, हे आम्हांला फार उशिरा कळले.

आम्ही तेव्हा बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला होतो. एका संध्याकाळी आक्काच्या मांडीवर लाल दोऱ्याचा एक गोल रुमाल दिसला. जमिनीवर पसरला तर तो सपाट बसेना. कडा वर उठलेल्या, नुसत्या चुण्याच चुण्या. आम्ही नवे नवे हिशेबनीस! लगेच टाके मोजले. खांबाचा गोल सपाट बसायचा तर दर फेरीत साधारण १२ खांब वाढवावे लागतात, हे काकूंच्या तोंडून आम्हीही ऐकले होते. आक्काने त्याच्या दुपटीहून जास्त वाढवले होते.

"आक्का, हिशेब चुकलाय तुझा. उसव सगळं," आम्ही म्हणालो.

तिने आमच्याकडे पाहिले, काही बोलली नाही आणि दोरा ओढला. चार संध्याकाळींचे काम पाच मिनिटांत गुंड्यावर परत गेले.

ही गोष्ट आम्ही विसरूनही गेलो होतो. ती आठवली ती एका गणिताच्या बाईंविषयी वाचताना. डायना तायमिना हे त्यांचे नाव. मूळच्या लाटव्हिया देशातल्या, पुढे अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात शिकवू लागल्या. भूमितीत एक अवघड प्रकार आहे. कागद सपाट असतो, चेंडू गोल असतो. पण तिसरा एक पृष्ठभाग असा, की मध्यापासून जितके दूर जावे तितका तो अधिकाधिक पसरत जातो आणि जागा न पुरल्यामुळे त्याला चुण्या पडतात. कोबीच्या पानाची कड डोळ्यांसमोर आणा. विद्यार्थ्यांना हा आकार हातात कसा द्यायचा? कागदाचे तुकडे जोडून केलेले नमुने लगेच फाटत. तायमिनाबाईंनी १९९७ साली तो आकार चक्क क्रोशाने विणून दाखवला.

त्यांची रीत ऐकून आमच्यातला कारकून जागा झाला. ठरावीक टाक्यांनंतर एक टाका वाढवायचा, आणि हा नियम प्रत्येक ओळीत पाळायचा, एवढेच. समजा, दर ३ टाक्यांचे ४ केले. पहिल्या ओळीत २७ टाके असतील तर दुसरीत ३६, तिसरीत ४८, चौथीत ६४. हे तर चक्रवाढ व्याज! आणखी सात-आठ ओळींत टाके साडेचारशेच्या पुढे जातात. इतके टाके सरळ रेषेत मावणार कसे? ते वर उठतात, दुमडतात, झालर होते. म्हणजे आक्काच्या रुमालाला जे झाले होते तेच.

गोष्ट इथेच थांबत नाही. मार्गारेट आणि क्रिस्टीन वर्थहाइम या ऑस्ट्रेलियात वाढलेल्या जुळ्या बहिणी. एक विज्ञानावर लिहिणारी, दुसरी कवयित्री. समुद्राचे पाणी तापल्यामुळे ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यालगतची प्रवाळाची प्रचंड रांग पांढरी पडून मरू लागली आहे, याचे दुःख दोघींना होते. २००५ साली त्यांनी लॉस एंजेलिसच्या आपल्या घरी क्रोशाने प्रवाळ विणायला सुरुवात केली. प्रथम त्यांनी तायमिनाबाईंचा नियम तंतोतंत पाळला. आकार सुबक झाले, पण एकसारखे. मग त्यांनी मुद्दाम नियम मोडला. कुठे जास्त टाके, कुठे कमी, मध्येच दुसरा दोरा. तेव्हा कुठे ते विणकाम समुद्रातल्या जिवंत वस्तूसारखे दिसू लागले. पुढे त्यांनी प्लास्टिकचा कचरा वापरूनही प्रवाळ विणले. समुद्राचे काय होते आहे ते त्यातून दाखवले.

या कामाला गावोगावच्या बायांचे, काही पुरुषांचेही हात लागले. जर्मनीतील बाडेन-बाडेन या गावी २०२२ साली जे प्रदर्शन झाले, त्यासाठी सुमारे ४,००० लोकांनी ४०,००० हून अधिक प्रवाळ विणून दिले. एक गोष्ट आम्हांला विशेष वाटली. विणून देणाऱ्यांची नावे तिथे नोंदवली जातात. आपल्या घरांतल्या रुमालांवर कोणाचे नाव असते?

छापील नमुना समोर न ठेवता, आपल्या मनाने, हाताला सुचेल तसे विणणे, याला आपण मुक्त विणकाम म्हणू. इंग्लंडमध्ये जेम्स वॉल्टर्स आणि सिल्विया कॉश या दोघांनी हे काम क्रोशात फार पुढे नेले. क्रोशा यासाठी सोयीचा का, तेही सांगतो. दोन सुयांवर विणताना सगळे टाके सुईवर असतात. एक निसटला की खालची वीण सुटत जाते. क्रोशात मात्र सुईवर बहुधा एकच फास शिल्लक राहतो. त्यामुळे उजवीकडे जा, वळा, मागे या, बाजूच्या कडेतून नवी फांदी काढा. कोणी अडवत नाही. स्वेटर यंत्रावर निघतात, पण क्रोशाचे काम आजही माणसाच्या हातानेच होते.

कोणी म्हणेल, पोटाची भ्रांत असताना हे चोचले कशाला? प्रश्न रास्त आहे. आंध्र प्रदेशातील नरसापूर परिसरात हजारो बाया क्रोशाची लेस विणत आल्या आहेत, आणि ती परदेशी जाते. मारिया मीस या अभ्यासक बाईंनी त्यांच्यावर पुस्तक लिहिले, ते १९८२ साली प्रसिद्ध झाले. त्यात त्यांनी दाखवून दिले, की या बायांना कामगार न समजता 'घरी बसलेल्या गृहिणी' समजले जाई, त्यांचे काम म्हणजे रिकाम्या वेळचा उद्योग मानले जाई, आणि म्हणून मजुरी अगदी तुटपुंजी मिळे. मुक्त विणकामाने मजुरी वाढेल असे आम्ही म्हणत नाही. ती लढाई संघटनेनेच लढावी लागते. पण ज्या हातांना आयुष्यभर दुसऱ्याचाच नमुना उतरवायला लावले, त्या हातांत स्वतःचाही विचार असतो, हे आधी घरात तरी मान्य व्हायला नको काय?

करून पाहू इच्छिणाऱ्या भगिनींसाठी थोडी माहिती देतो. खर्च काही नाही. उरलेल्या दोऱ्यांची, लोकरीची पिशवी काढा. पाच-सहा साखळ्यांचे कडे करून त्यात काही खांब घाला. मग गोल पूर्ण करायचाच असे नाही; वळा, रंग बदला, थोडे मुके खांब घाला, पुन्हा दुसऱ्या बाजूने उचला. तळहाताएवढा तुकडा झाला की थांबा. असे दहा-पंधरा तुकडे झाले की जुन्या चादरीवर मांडा, फिरवून पाहा, मनाजोगते जुळले की सुईने जोडा. मध्ये फट राहिली तर तिथेच टाके उचलून ती भरून काढा. दोन गोष्टी मात्र पाळा. रंग जातो का ते आधी दोरा पाण्यात भिजवून पाहा. आणि धुवायच्या वस्तूत सुती दोरा व लोकर एकत्र करू नका, धुतल्यावर एक आटते आणि दुसरे तसेच राहते. भिंतीवर लावायचे असेल तर काहीही चालेल.

हे सगळे वाचून झाल्यावर आम्ही आक्काकडे गेलो. तिला त्या लाल रुमालाची आठवण दिली. ती हसली.

"रुमाल कुठला? कोंबड्याचं फूल करायचं होतं रे मला. गावाला आजीच्या दारात असायचं ना, तसं."

"मग तेव्हा बोलली का नाहीस?"

"तू शिकलेला. मला वाटलं, तुझंच बरोबर असंल."

या वाक्याला आमच्याजवळ उत्तर नव्हते, आजही नाही. तिच्याच पैशाने आणलेल्या पुस्तकांतून शिकलो, आणि त्या शिक्षणाचा पहिला उपयोग तिचे फूल उसवायला केला. तिकडे प्राध्यापक बाईंनी तसेच विणले म्हणून आक्का बरोबर ठरली असे कृपया समजू नका. ते कोणीच विणले नसते तरीही तिला तिचे फूल करायचा अधिकार होताच.

आम्ही लाल दोऱ्याचे दोन गुंडे तिच्या हाती ठेवले. पंधरा दिवसांनी पुन्हा गेलो तर फूल अर्धेच दिसले. बाजूला उसवलेल्या दोऱ्याची गुंतवळ पडली होती.

"हे का उसवलंस?" न राहवून आम्ही विचारले.

"मला आवडलं नाही म्हणून," आक्का म्हणाली आणि पुन्हा सुई चालवू लागली.

या वेळी आम्ही टाके मोजले नाहीत. बंधूंनो, आपल्याही घरी अशी एखादी आक्का, वहिनी, लेक असेल. तिच्या हातात काही वाकडे-तिकडे दिसले तर चूक काढण्याआधी, "हे काय करते आहेस?" एवढे विचारा. आणि भगिनींनो, कोणी विचारले नाही तरी सांगा.