ठोके दिसले नाहीत? घाई करू नका

पाळी चुकते, लघवीच्या तपासणीत दिवस गेल्याचे कळते आणि लगेच सोनोग्राफी होते. रिपोर्टवर शेरा असतो, ‘गर्भाचे ठोके दिसत नाहीत.’ मग घरात रडारड सुरू होते आणि ‘पिशवी साफ करून मोकळे व्हा’ असा सल्लाही कोणीतरी देतो. वाचकहो, पुष्कळदा अशा वेळी गर्भात काही दोष नसतो, तपासणी लवकर झालेली असते इतकेच.

सोनोग्राफीत क्ष-किरण नसतात. कानाला ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरी शरीरात सोडून त्यांच्या प्रतिध्वनीवरून चित्र उमटते. ग्लासगोच्या डॉ. इयान डोनाल्ड यांनी १९५८ साली ही पद्धत वैद्यकविश्वापुढे मांडली. आता योनिमार्गे तपासणी करता येते. यंत्राची बारीक कांडी गर्भाशयाच्या जवळ जात असल्याने काही मिलिमीटरचा गर्भही दिसतो. या तपासणीने गर्भपात होतो ही भीती निराधार आहे.

शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजल्यास पाचव्या आठवड्याच्या सुमारास गर्भाची इवलीशी पिशवी दिसते. साडेपाच आठवड्यांना तिच्यात पोषक पिशवी आणि सहाव्याच्या आसपास गर्भ व त्याचे ठोके दिसू लागतात. पोटावरून तपासले तर हेच सारे थोडे उशिरा दिसते.

हा हिशेब २८ दिवसांच्या पाळीचा आहे. एखाद्या भगिनीची पाळी ४० दिवसांनी येत असेल, तर गर्भही सुमारे बारा दिवस उशिरा राहतो. तारखेप्रमाणे सात आठवडे भरले तरी गर्भ जेमतेम सव्वापाच आठवड्यांचा असतो. मग ठोके कसे दिसणार?

म्हणून नियम कडक आहेत. योनिमार्गे तपासणीत गर्भाची लांबी ७ मिलिमीटर किंवा अधिक असून ठोके नसतील, किंवा पिशवी सरासरी २५ मिलिमीटर होऊनही आत गर्भ नसेल, तरच गर्भ वाढत नाही असे म्हणता येते. माप याहून कमी असेल तर एक-दोन आठवड्यांनी पुन्हा तपासणी करावी. त्याआधी पिशवी साफ करण्याची घाई नको, गोळ्याही नकोत.

एका बाबतीत मात्र थांबू नये. दिवस गेलेले आहेत, पण गर्भाशयात गर्भ दिसत नाही, आणि ओटीपोटात एका बाजूला दुखते, रक्तस्राव होतो, चक्कर येते किंवा खांद्यात कळ येते, अशा वेळी गर्भ नलिकेत राहिलेला असू शकतो. नलिका फुटल्यास पोटात रक्तस्राव होऊन जीव धोक्यात येतो. रात्र असली तरी रुग्णालय गाठावे.

शेवटच्या पाळीची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवावी, पाळी अनियमित असल्यास तेही डॉक्टरांना सांगावे आणि जुना रिपोर्ट सोबत न्यावा. ११ ते १४ आठवड्यांच्या दरम्यान एक तपासणी जरूर करावी. बाळंतपणाची तारीख त्यातून नीट ठरते आणि काही व्यंगांची शंकाही वेळेवर येते. मुलगा की मुलगी हे मात्र विचारू नये. १९९४ च्या कायद्याने ते सांगणे गुन्हा आहे, आणि सांगण्यासाठी गळ घालणाऱ्यांनाही शिक्षा आहे.