बाप घरी असतो तेव्हा

आमच्या लग्नात फादर नवरा-नवरीला वचनांआधी तीन गोष्टी विचारतात. स्वखुशीनं आलात ना? जन्मभर एकमेकांना मान द्याल ना? आणि देव जी मुलं देईल ती प्रेमानं स्वीकारून ख्रिस्ताच्या शिकवणुकीत वाढवाल ना? पुढे बाळाचा बाप्तिस्मा होतो, तेव्हा तिसरा प्रश्न आईबापांना पुन्हा विचारला जातो. मी पालीत रविवारी मुलांना धर्मशिक्षण देते. पहिल्या कम्युनियनची तयारी करायला आठ-नऊ वर्षांची मुलं माझ्या वर्गात येतात. त्यांच्या पालकांना मी दरवर्षी एवढंच सांगते, की चर्चनं वचन तुमच्याकडून घेतलंय. मी मदतीला आहे.

पाली म्हणजे उत्तनला लागून असलेलं कोळ्यांचं गाव. कागदोपत्री आम्ही मीरा-भाईंदर शहरात राहतो, पण इथला दिवस भरती-ओहोटीवर ठरतो. डोल जाळ्यांची मासेमारी, बांबूच्या वलांडीवर वाळणारे बोंबील, नाळेवर क्रूस असलेल्या आणि संतांची नावं मिरवणाऱ्या बोटी. आम्ही कोळी आहोत आणि कॅथलिकही आहोत. १५३४ साली वसईचा मुलूख पोर्तुगीजांकडे गेला, मिशनरी आले आणि या किनाऱ्यावरच्या गावांनी बाप्तिस्मा घेतला. १७३९मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली. पोर्तुगीजांचं राज्य संपलं, त्यांचे पाद्रीही बहुतेक निघून गेले. गावं मात्र इथंच राहिली आणि ख्रिस्ती राहिली. माझ्या मते त्याचं श्रेय घराला आहे. मिस्सा लॅटिनमध्ये व्हायची. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं १९६३मध्ये लोकभाषेला वाट करून दिली, तोपर्यंत वेदीवर काय म्हटलं जातंय हे आमच्या आज्या-पणज्यांना शब्दानं कळत नसे. त्यांच्या हातात होती जपमाळ, आणि ती घरात म्हटली जाई.

बाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगते. जपमाळेत दहा-दहा मण्यांचे पाच भाग असतात. प्रत्येक भागाला येशूच्या किंवा मरियेच्या आयुष्यातला एक प्रसंग मनापुढे आणायचा: सोमवारी आणि शनिवारी जन्माचे आनंदाचे प्रसंग, मंगळवारी आणि शुक्रवारी दुःखाचे, बुधवारी आणि रविवारी गौरवाचे. गुरुवारचे प्रकाशाचे प्रसंग पोप जॉन पॉल दुसरे यांनी २००२ साली जोडले. मोठ्या मण्याला ‘आमच्या स्वर्गातील बापा’, लहान मण्याला ‘नमो मरिया’. एकानं अर्धी प्रार्थना म्हणायची, बाकीच्यांनी उरलेली पुरी करायची. सगळं मिळून वीस-पंचवीस मिनिटं. लिहिता-वाचता न येणाऱ्या बाईनंही यावर शुभवर्तमानाची मुख्य गोष्ट पाठ केली आणि नातवंडांना दिली.

दिली ती बहुधा बायकांनीच. पुरुष समुद्रावर. बोट गेली की कधी दुसऱ्या दिवशी, कधी चार-सहा दिवसांनी परत येणार, आल्यावर मावरं उतरवायचं, जाळी धुवायची, झोपायचं, पुन्हा निघायचं. संध्याकाळच्या प्रार्थनेत बापाची जागा रिकामी असते. बाप समुद्रावर देवाचं नाव घेत नाही असं नाही. माझे वडील सुकाणूवर बसून माळ ओढायचे, त्यांच्या खलाशांनी मला सांगितलंय. पण मुलांना ते दिसत नाही. मुलाला दिसते ती आई, आजी आणि मावशी. मग तेरा-चौदा वर्षांचा झाला की त्याच्या मनात बसतं, प्रार्थना हे बायकांचं काम. दृढीकरण-संस्कार झाला की तो चर्चच्या दाराबाहेर मोटरसायकलवर बसून मिस्सा ‘ऐकतो’. याचं मला फार वाईट वाटतं, आणि दोष मी त्या मुलाला देत नाही.

म्हणून मला पावसाळा महत्त्वाचा वाटतो. १ जून ते ३१ जुलै, ६१ दिवस यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असते. मासळीची वीण वाचावी म्हणून सरकारनं घातलेली ही बंदी; आमच्या घरांना तिनं वर्षातले दोन महिने बाप परत दिला. बोटी वर ओढलेल्या, ताडपत्रीखाली झाकलेल्या, पुरुषमंडळी ओसरीवर जाळी दुरुस्त करत बसलेली.

आमच्या घरी मागच्या जूनमधली एक संध्याकाळ सांगते. लाइट गेलेली. आल्तारावर, म्हणजे भिंतीतल्या देवाच्या जागी, मेणबत्ती. माझा मुलगा जाळ्याचा फाटका भाग मांडीवर घेऊन बसला होता. एका हातात सुई, दुसऱ्या हाताची बोटं मणी मोजायला, कारण माळ नातीकडे होती. तिसरा भाग नातीनं घेतला. ती इंग्रजी शाळेत जाते, तिनं आपला अर्धा भाग इंग्रजीत म्हटला, आम्ही मराठीत पुरा केला. आमच्याकडे असंच चालतं, कुणी थांबवत नाही. आठ ‘नमो मरिया’ झाल्यावर ती पुढच्या प्रार्थनेकडे वळली. बापानं सुई न थांबवता दोन बोटं वर केली. तिनं पाहिलं, मागे गेली, दोन म्हणून घेतले. एक शब्द बोलला गेला नाही. आपल्या बापाला हे सगळं येतं, तो मोजतोय, हे तिला त्या दिवशी कळलं. पुढच्या रविवारी मिस्सेला ती त्याच्या शेजारी बसली, एरवी ती मला चिकटून असते.

उपवासकाळातही असंच काही घरातच घडतं. राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंतचे हे दिवस. त्यातल्या शुक्रवारी मांस वर्ज्य, मासळी चालते. चर्चचा नियम तेवढाच. पण कोळीवाड्यात मांस सोडणं हा कसला त्याग? आमच्या आयनं घरात रीत घातली होती की शुक्रवारी मासळीही नाही. दारात ताजे बोंबील पडलेले, आणि ताटात डाळ-भात आणि कैरीचं लोणचं. वाचलेल्या मासळीचा वाटा जिच्या घरचा माणूस आजारी किंवा बोट बंद, त्या घरी जायचा. तो पोचवायला आम्हा मुलांना पाठवायची. उपवास कशासाठी, हे मला नंतर पुस्तकात सापडलं. पाटी डोक्यावर घेऊन गेले तेव्हा ते आधीच कळलं होतं.

पुस्तकांची मात्र मी कदर करते. आयच्या घरात बायबल नव्हतं. आता माझ्या घरी फादर फ्रान्सिस दिब्रिटोंचं ‘सुबोध बायबल’ आहे. वसईच्या या धर्मगुरूनं ते सहज मराठीत आणलं, २०१०मध्ये ते प्रसिद्ध झालं, पुढे त्याला साहित्य अकादमीचा अनुवादासाठीचा पुरस्कार मिळाला. नव्या सुनांना मी सुचवते, रविवारचं शुभवर्तमान शनिवारी रात्री घरात मोठ्यानं वाचा. पाच मिनिटं लागतात. मुलं मग चर्चमध्ये ओळखीच्या माणसाला भेटावं तशी ऐकतात.

हल्ली एक प्रश्न वारंवार येतो. मुली भाईंदर-मुंबईत नोकरीला जातात, जोडीदार दुसऱ्या धर्माचा निवडतात. चर्च परवानगी देतं. कॅथलिक जोडीदारानं आपली श्रद्धा जपण्याचं आणि मुलांना ती देण्यासाठी आपल्याकडून होईल तेवढं करण्याचं वचन द्यायचं असतं. दुसऱ्याला त्या वचनाची कल्पना दिली जाते, त्याच्याकडून वचन मागत नाहीत. १९७०मध्ये पोप पॉल सहावे यांनी हे असं ठरवून दिलं. मला ते न्याय्य वाटतं. अशा घरांतल्या आया माझ्याकडे येतात, एकट्या पडल्यासारख्या बोलतात. ऑक्टोबरात मरियेची मूर्ती वस्तीत घरोघर फिरते, शेजारी जमून जपमाळ म्हणतात. मी त्यांना मूर्ती घरी बोलवायला सांगते. नवरा बहुतेक वेळा खुर्च्या मांडायला उभा राहतो.

यंदा जूनमध्ये मी वर्गाच्या सगळ्या बापांना निरोप पाठवला: बंदी आहे, बोट नाही, रविवारी मुलांबरोबर या. बरेच आले, मागे भिंतीला टेकून उभे राहिले. पापनिवेदनाची तयारी चालली होती. वर्ग सुटल्यावर एक नाखवा थांबला. म्हणाला, “टीचर, पश्चात्तापाची प्रार्थना माझी विसरली. पोराला काय शिकवू?” मी म्हटलं, “त्याला परवा पाठ झालीय. त्याच्याकडनं म्हणून घे, तुलाही येईल.” पुढच्या रविवारी मुलाला विचारलं, घरी कुणी म्हणवून घेतली? तो म्हणाला, “मीच पप्पांना शिकवली. त्यांना अजून शेवटची ओळ येत नाही.” तेव्हा मी त्याला सांगितलं, ऑगस्टला बोट सुटायच्या आत त्यांची पक्की करून घे.