मोड आलेली कडधान्ये : शास्त्रविचार आणि गृहविधी

आहारविषयक मार्गदर्शन करताना चिकित्सालयात हटकून विचारला जाणारा एक प्रश्न म्हणजे, "रोज सकाळी कच्चे मोड खाल्ले तर चालतील का?" या प्रश्नास सामान्यतः दोन प्रकारची उत्तरे दिली जातात. काही जण "अवश्य खा, पौष्टिक असतात" असे सांगतात, तर काही जण "आयुर्वेदाने ते निषिद्ध मानले आहेत" असे म्हणून विषय संपवितात. आमच्या मते ही दोन्ही उत्तरे अपुरी आहेत. वजन उतरावे म्हणून रिकाम्या पोटी वाटीभर कच्चे मोड खाणारे रुग्ण काही आठवड्यांनी आध्मान, अम्लोद्गार व मलावष्टंभ घेऊन येतात. त्यांना हिंग्वाष्टक दिले की तात्पुरते बरे वाटते; परंतु सकाळची वाटी सुरूच राहिली तर निदानपरिवर्जन होत नाही आणि चूर्णाची बाटली मात्र दरमहा बदलते. म्हणून या विषयाचा थोडा सविस्तर विचार येथे करीत आहोत.

शास्त्रमत

अंकुरित धान्यास संहितांत 'विरूढ' ही संज्ञा आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील अन्नपानविधी अध्यायात विरूढ धान्य विदाही, गुरु, विष्टंभी व दृष्टीस दूषक असे वर्णिले आहे. चरकसंहितेतही विरूढधानांची गणना गुरु भक्ष्यांत केलेली आढळते. तसेच विरुद्धाहाराच्या विवेचनात ग्राम्य, आनूप व औदक मांसासमवेत विरूढधान्य खाऊ नये असे सांगितले आहे.

ही वचने दृष्टिआड करणे योग्य नाही. त्याचप्रमाणे त्यांचा अर्थ सरसकट निषेध असा लावणेही योग्य नाही. गुरु द्रव्य म्हणजे त्याज्य द्रव्य नव्हे. ते अग्निबल पाहून, मात्रा राखून द्यावयाचे द्रव्य होय. चरकाचार्यांनी विमानस्थानात सांगितलेल्या आठ आहारविधिविशेषायतनांपैकी 'करण' म्हणजे संस्कार. जल, अग्नी, शौच, मंथन, काल इत्यादींच्या योगे द्रव्यात गुणांतर होते, हे त्याचे मर्म आहे. हिंग, जिरे व मोहरीची फोडणी देऊन शिजविलेली मटकीची उसळ आणि तीच मटकी कच्ची, थंडगार, फ्रिजमधून काढून खाल्लेली, ही आहारदृष्ट्या दोन भिन्न द्रव्ये समजावीत.

बीजात काय घडते

बीज पाणी शोषून जागे होते, तेव्हा त्यातील विकरे कार्यरत होतात. साठविलेल्या पिष्टाचे व प्रथिनांचे अंशतः विघटन होते. लोह व जस्त यांना बांधून ठेवणारे फायटेट घटते. पोटात वायू निर्माण करणाऱ्या रॅफिनोज, स्टॅकिओज या शर्करा कमी होतात. कोरड्या कडधान्यात जवळजवळ नसलेले 'क' जीवनसत्त्व निर्माण होते. हे लाभ खरे आहेत व ते रुग्णास सांगण्यास संकोच नसावा.

परंतु ज्या उष्ण व ओलसर वातावरणात मोड येतात, त्याच वातावरणात जंतूही वाढतात. बीजाच्या भेगांत दडलेले जंतू केवळ धुण्याने पूर्णतः जात नाहीत. २०११ साली जर्मनीत ई. कोलाय जंतूची मोठी साथ उद्भवली व ५० हून अधिक व्यक्ती मृत्युमुखी पडल्या. तिचा माग मेथीच्या मोडांपर्यंत पोहोचला. त्यापूर्वी १९९६ साली जपानमधील साकाई शहरात हजारो शाळकरी मुले आजारी पडली, तेव्हा संशय मुळ्याच्या मोडांवर होता. शास्त्राने अग्निसंस्कारास दिलेले महत्त्व आणि आधुनिक जंतुशास्त्राचा सल्ला येथे एकाच ठिकाणी येऊन मिळतात. शिजविल्याने 'क' जीवनसत्त्व काही प्रमाणात नष्ट होते हे खरे. त्यासाठी उसळ चुलीवरून उतरविल्यानंतर तीवर लिंबू पिळावे. लोहाच्या शोषणासही त्याने साहाय्य होते.

गृहविधी

प्रथमच मोड आणणाऱ्याने हिरव्या मुगापासून आरंभ करावा. शमीधान्यांत मूग श्रेष्ठ मानला आहे. शिवाय त्यास मोड लवकर व हमखास येतात.

१) धान्य खाण्यासाठी विकले जाणारे व शक्यतो नव्या हंगामातील घ्यावे. पेरणीच्या बियाण्यावर कीडनाशकाची किंवा बुरशीनाशकाची प्रक्रिया केलेली असते. ते कदापि वापरू नये. फार जुन्या धान्यास मोड कमी येतात व न उगवलेले दाणे आधी कुजतात.

२) खडे, फुटके व किडके दाणे निवडून काढावेत. तीन-चार पाण्यांनी धुवावे. तरंगणारे दाणे टाकून द्यावेत.

३) चौपट पिण्याच्या पाण्यात भिजवावे. मूग व मटकीस ८ ते १० तास, हरभरा, कुळीथ व वालास सुमारे १२ तास पुरतात. उन्हाळ्यात अधिक काळ भिजविल्यास पाणी आंबते.

४) पाणी पूर्णपणे उपसावे. ही पायरी सर्वांत महत्त्वाची आहे. तळाशी पाणी साचले की दाणे गुदमरतात व चिकट होतात. धान्य चाळणीत निथळून, स्वच्छ धुतलेल्या सुती फडक्यात सैल बांधून ठेवावे. फडके ओलसर असावे, ठिबकणारे नसावे.

५) दर ८ ते १२ तासांनी धान्य स्वच्छ पाण्याने धुऊन पुन्हा निथळावे. उन्हाळ्यात मुगास साधारणतः १२ ते २४ तासांत मोड दिसतात; थंडीत दीड-दोन दिवस लागतात. थंडीत पुरचुंडी झाकलेल्या पातेल्यात उबेस ठेवावी.

६) मोड दाण्याच्या लांबीएवढा झाला की वापरावा. लगेच वापरावयाचे नसल्यास झाकून फ्रिजमध्ये ठेवावे व दोन दिवसांत संपवावे.

मुळाच्या टोकाजवळ कधीकधी पांढरे, मऊ तंतू दिसतात व नवशिक्याला ती बुरशी वाटते. ते मूळरोम होत. पाण्याने धुताच ते दिसेनासे होतात. याउलट दाण्यांवर जाळे, राखाडी वा काळा रंग, बुळबुळीतपणा किंवा आंबूस वास असल्यास सर्व धान्य टाकून द्यावे. शिजवून ते सुधारत नाही.

मूग वाफवून किंवा परतून, दाणा बोटांत सहज चेपेल इतका शिजवावा. कुळीथ, हरभरा व वाल यांस अधिक पाक लागतो. कडव्या वालाचे मोड काढून, साल सोलून बिरडे करण्याची आपली जुनी रीत त्या दृष्टीने विचारपूर्वकच आहे. राजम्याचे मोड कच्चे किंवा अर्धवट शिजवून कधीही खाऊ नयेत. त्यातील लेक्टिनामुळे तीव्र वमन व अतिसार होतो.

कोणास, किती, केव्हा

प्रारंभी शिजविलेल्या मोडांचे दोन-तीन चमचे दुपारच्या जेवणात, आठवड्यातून दोन-तीन वेळा द्यावेत. आध्मान न झाल्यास क्रमाने अर्ध्या वाटीपर्यंत वाढवावे. रात्री टाळावेत. वर्षाऋतूत अग्नी मंद असतो. त्या काळी मात्रा कमी करून सुंठ, हिंग व तूप यांची जोड द्यावी.

धान्याची निवडही प्रकृतीनुसार व्हावी. पित्तप्रधान व्यक्तीस मूग किंवा मटकी; मटकी शीत व ग्राही असल्याने मलावष्टंभ असता मूगच बरा. कफप्रधान, स्थूल व श्वासकासाची प्रवृत्ती असलेल्यास कुळीथ चालतो. तोच अम्लपित्त व रक्तपित्ताच्या रुग्णास वर्ज्य समजावा. ग्रहणी, अर्श व जीर्ण आध्मानाच्या रुग्णास अग्नी सुधारेपर्यंत मोड न देता मुगाचे यूष द्यावे. गर्भिणी, लहान मुले, वृद्ध व प्रतिकारशक्ती क्षीण झालेले रुग्ण यांनी कच्चे मोड पूर्णतः टाळावेत.

औषधालयधारकांसाठी

आहारपूरक म्हणून मोडांची पिठे व सत्त्वे औषधालयांतही मागितली जातात. त्यांत नाचणीचे सत्त्व हे उत्तम उदाहरण होय. भिजवून, मोड आणून, सावलीत वाळवून, मंद भाजून दळलेली नाचणी पचनास सुलभ होते व तिची पेज शिजविल्यावर फार घट्ट होत नाही. विरूढ धान्याचे गुरुत्व संस्काराने कसे कमी करता येते, हे त्यात प्रत्यक्ष दिसते. असे पदार्थ हवाबंद, कोरड्या जागी ठेवावेत. भरल्याची तारीख पाहिल्याशिवाय घेऊ नयेत व ओल लागलेली पाकिटे विकू नयेत. लसूणघासाचे म्हणजे अल्फाल्फाचे कच्चे मोड वा बीज मागणाऱ्यास ल्युपससारखा स्वप्रतिरक्षित विकार आहे काय, हे अवश्य विचारावे. त्यातील कॅनाव्हॅनिन हा घटक अशा रुग्णांस घातक ठरू शकतो. आणि एकच व्यक्ती पाचक चूर्ण वारंवार नेत असेल, तर ती सकाळी काय खाते, एवढे विचारून तिला वैद्यांकडे पाठवावे. ती सेवा विक्रीपेक्षा मोलाची आहे.

सारांश, मोडांच्या प्रश्नास 'होय' किंवा 'नाही' असे एका शब्दाचे उत्तर नाही. अग्नी, प्रकृती व ऋतू पाहून, शिजवून आणि मात्रेत, हे उत्तर देण्यास दोन मिनिटे अधिक लागतात. ती दोन मिनिटे प्रत्येक वैद्याने रुग्णास द्यावीत, ही विनंती.