मुदतीचे भाडे आणि मालकीचे घर

मध्यमवर्गीय कुटुंब बहुधा आयुष्यात एकदाच घर विकत घेते. जागेची किंमत, कर्जावरील व्याजाचा दर, मुद्रांक शुल्क यांचा हिशेब त्या घरात महिनोन् महिने चाललेला असतो. मात्र राहते भाड्याचे घर कोणत्या तारखेस सोडावयाचे आणि तसे मालकास केव्हा कळवावयाचे, हा प्रश्न सामानाची बांधाबांध सुरू होईपर्यंत कोणी हाती घेत नाही. वास्तविक ही तारीख चुकली, तर वर्षभराची काटकसर दोन महिन्यांत वाया जाऊ शकते.

महाराष्ट्रातील शहरांत आज नव्याने होणारा बहुतेक भाडेव्यवहार ‘लिव्ह अँड लायसन्स’ कराराने होतो. यामागे इतिहास आहे. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने भाडेकरूस भक्कम संरक्षण दिले. परिणामी मालक जागा भाड्याने देण्यास कचरू लागले आणि परवान्याची वाट रुंद झाली. पुढे १ फेब्रुवारी १९७३ रोजी ज्यांचा परवाना चालू होता, अशा ताबेदारांनाही कायद्याने भाडेकरू मानले. ३१ मार्च २००० पासून अमलात आलेल्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ ने मात्र वेगळा समतोल साधला. त्याच्या कलम २४ नुसार निवासी परवान्याची मुदत संपताच जागेचा ताबा मालकास परत द्यावा लागतो. परवानाधारकाने जागा सोडली नाही, तर ठरलेल्या शुल्काच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई त्याच्या माथी बसते. ‘राहत्या माणसाला कोण काढतो?’ ही जुन्या चाळींतील समजूत येथे उपयोगी पडत नाही.

नोटिशीविषयीचा गोंधळही येथूनच सुरू होतो. मुदत पूर्ण होत असेल, तर करार आपोआप संपतो. तो संपविण्यासाठी निराळी नोटीस सामान्यतः लागत नाही. तरीही काही करारांत मुदतीपूर्वी हेतू कळविण्याची अट असते, म्हणून करार वाचणे अपरिहार्य ठरते. मुदतीच्या आत जावयाचे असेल, तर करारात लिहिलेली नोटीस द्यावीच लागते. बहुधा ती एक महिन्याची असते. त्यातही ‘लॉक-इन’चा काळ शिल्लक असेल, तर त्या काळाचे शुल्क मालक मागू शकतो. जिन्यात भेटल्यावर तोंडी सांगितलेली गोष्ट नोटीस ठरत नाही. घर सोडण्याची तारीख लिहून दिलेले पत्र आणि त्याची पोच, एवढे तरी हाती असले पाहिजे.

खरी अडचण दुसऱ्या टोकाला असते. जुन्या घराची तारीख करारात पक्की असते; नव्या घराची तारीख बांधकाम व्यावसायिकाच्या शब्दावर अवलंबून असते. स्थावर संपदा (नियमन व विकास) अधिनियम, २०१६ च्या कलम १८ प्रमाणे ताब्यास विलंब झाला, तर खरेदीदारास दरमहा व्याज मागता येते. पण ते व्याज हाती पडेपर्यंत भाडे कोणी थांबवून ठेवत नाही. याच कायद्याच्या कलम १९ ने खरेदीदारास भोगवटा प्रमाणपत्र मिळाल्यापासून दोन महिन्यांच्या आत ताबा घेण्यास सांगितले आहे. हे दोन महिने नीट वापरले, तर एक महिन्याची नोटीस त्यांत सहज बसते. म्हणून नियम साधा आहे: भोगवटा प्रमाणपत्र डोळ्यांनी पाहिल्याखेरीज नोटीस देऊ नये. ‘फर्निचरसाठी ताबा’ म्हणून प्रमाणपत्राआधीच मिळणारी किल्ली हा राहण्याचा परवाना नव्हे.

समजा, एका शिक्षकाचे भाडे दरमहा १८ हजार आणि कर्जाचा हप्ता २७ हजार रुपये आहे. नोटीस उशिरा दिल्यामुळे महिनाभर दोन्ही भरावे लागले, तर १८ हजारांचा जादा भार पडतो. उलट घाईने नोटीस दिली आणि नवे घर तयार झाले नाही, तर सामान हलविण्याचा दुहेरी खर्च आणि नव्या तात्पुरत्या जागेची अनामत उभी करावी लागते. मुदत उलटूनही तेथेच राहिल्यास महिन्याचा आकडा कायद्याने ३६ हजारांवर जाऊ शकतो. तात्पर्य, महिनाभराचे जादा भाडे हे नुकसान नसून एक प्रकारचा विमा आहे, आणि त्याची तरतूद घराच्या अंदाजपत्रकातच झाली पाहिजे. अनामत रकमेवर मात्र शेवटचा हप्ता अवलंबून ठेवू नये. ती किल्ली परत देताना मिळते, आणि पैसे त्याआधी लागतात.

याहून मूलगामी उपाय करार करतानाच योजता येतो. अकरा महिन्यांची प्रथा १९०८ च्या नोंदणी कायद्यातून आली. वर्षापेक्षा अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्यास नोंदणी सक्तीची, म्हणून एक महिना कमी. परंतु महाराष्ट्रात १९९९ च्या कायद्याच्या कलम ५५ ने परवान्याचा प्रत्येक करार, मुदत कितीही असो, लेखी व नोंदणीकृत असावा असे ठरविले आहे, आणि नोंदणीची जबाबदारी मालकावर टाकली आहे. तेव्हा अकरा महिन्यांचा आग्रह येथे निव्वळ सवयीचा उरला आहे. ज्याने घर नोंदविले आहे त्याने दोन-तीन वर्षांचा करार, थोडक्या काळाचे ‘लॉक-इन’ आणि स्वतःस एक महिन्याच्या नोटिशीने बाहेर पडण्याची मुभा मागावी. ताबा लांबला तरी डोक्यावर छप्पर राहते. लवकर मिळाला तरी बेडी पडत नाही.

यात मालकावर अन्याय होत नाही. रिकाम्या घराचा महिना म्हणजे त्याचेही नुकसानच; त्यातील कित्येकांचा चरितार्थ त्या भाड्यावर चालतो. नोटिशीचा महिना त्याला नवा परवानाधारक शोधण्यासाठी मिळतो, आणि नियमित शुल्क देणारे कुटुंब दीर्घकाळ टिकले, तर दरवर्षीची दलाली व नोंदणीची धावपळ वाचते. विलंबाची जोखीम अखेर कोणी तरी उचलावीच लागते. आज ती सर्वांत कमी शिल्लक असलेल्या कुटुंबाच्या पदरी न बोलता पडते. करारावर सही करण्यापूर्वी ती दोघांनी उघडपणे वाटून घेतली, तर स्वतःच्या घराचा उंबरठा ओलांडताना मागच्या घराचे देणे पायांत येणार नाही.